जॉन पोस्टेल : न पोचलेल्या ई-मेलची परतीची वाट आखणारे संशोधक

विद्यार्थी मित्रांनो, ई-मेल पाठवताना पत्त्यात एखादं अक्षर चुकलं की काय होतं, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. थोड्याच वेळात इंग्रजीतला एक निरोप आपल्याकडे परत येतो. पाठवणाऱ्याच्या जागी ‘मेलर डिमन’ असं काहीतरी विचित्र नाव असतं आणि आत आकडे असतात, ५५० वगैरे. याला बाउन्स म्हणतात. पुष्कळ लोक तो न वाचताच डिलीट करून टाकतात.

पण जरा विचार करा. तो निरोप आलाच नसता तर? शिष्यवृत्तीचा अर्ज शेवटच्या तारखेच्या आत पाठवला म्हणून आपण निर्धास्त राहिलो असतो आणि अर्ज मात्र कुठेच पोचला नसता. म्हणजे हा नकोसा वाटणारा निरोप खरं तर आपला मित्र आहे. ‘पत्र पोचलं नाही तर पाठवणाऱ्याला कळवलंच पाहिजे’ हा नियम ज्यांनी ई-मेलच्या मूळ नियमावलीत लिहून ठेवला, त्या जॉन पोस्टेल यांची ओळख आज आपण करून घेऊ.

थोडक्यात ओळख

पूर्ण नाव : जोनाथन ब्रूस पोस्टेल
जन्म : ६ ऑगस्ट १९४३, आल्टाडीना, कॅलिफोर्निया (अमेरिका)
शिक्षण : यूसीएलए विद्यापीठातून बी.एस. (१९६६), एम.एस. (१९६८), पीएच.डी. (१९७४)
मुख्य कार्य : आरएफसी मालिकेचे संपादन, एसएमटीपी ही ई-मेलची नियमावली, इंटरनेटवरील नावे व क्रमांकांची नोंद
मृत्यू : १६ ऑक्टोबर १९९८, लॉस एंजेलिस

परत आलेलं पत्र म्हणजे काय?

आधी आपल्या पोस्टाचं उदाहरण घेऊ. पोस्टमन पत्र घेऊन जातो, पण त्या पत्त्यावर ती व्यक्ती राहत नसते. मग पत्रावर तसा शेरा मारून ते पाठवणाऱ्याकडे परत केलं जातं. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ताच नसेल तर ते ‘रिटर्न्ड लेटर ऑफिस’मध्ये जातं. तिथे पाकीट उघडून आत कुठे पत्ता सापडतो का ते बघतात. पूर्वी याच कचेरीला ‘डेड लेटर ऑफिस’ म्हणत.

म्हणजे पोस्टाचं काम फक्त पत्र पोचवणं एवढंच नाही. न पोचलेल्या पत्राचं काय करायचं, हेही ठरवावं लागतं. ई-मेलच्या बाबतीत तर हे आणखी अवघड, कारण तिथे शेरा मारायला माणूस नसतो. एक यंत्र दुसऱ्या यंत्राशी बोलत असतं. अडचण आली तर यंत्राने नेमकं काय करायचं, हे कुणीतरी आधीच लिहून ठेवावं लागतं.

बालपण आणि शिक्षण

पोस्टेल यांचं बालपण लॉस एंजेलिसच्या परिसरात गेलं. व्हॅन नाइस हायस्कूल ही त्यांची शाळा. गंमत अशी की, पुढे इंटरनेटच्या उभारणीत मोठं नाव कमावणारे व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हे दोघेही याच शाळेचे विद्यार्थी. नंतर हे तिघेही यूसीएलए विद्यापीठात प्रा. लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेत एकत्र काम करू लागले.

याच प्रयोगशाळेतून २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अर्पानेट या जाळ्यावरचा पहिला संदेश गेला. स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतल्या संगणकाला ‘लॉगिन’ हा शब्द पाठवायचा होता. दोन अक्षरं गेली आणि पलीकडचा संगणक बंद पडला! जाळ्यावरचा अगदी पहिला संदेशच अर्धवट पोचला होता. संदेश पोचणं हे कधीच गृहीत धरता येत नाही, हे या पिढीला पहिल्याच दिवशी समजलं असणार.

आरएफसींचे संपादक

यंत्रांनी एकमेकांशी कसं बोलावं याचे नियम ठरवण्यासाठी स्टीव्ह क्रॉकर यांनी एप्रिल १९६९ मध्ये आरएफसी नावाच्या टिपणांची मालिका सुरू केली. आरएफसी म्हणजे ‘मते मागवण्यासाठी लिहिलेलं टिपण’. हा हुकूम नव्हता. मी असं सुचवतोय, तुम्हाला काय वाटतं ते सांगा, असा त्याचा सूर होता.

या टिपणांचं संपादन लवकरच पोस्टेल यांच्याकडे आलं आणि शेवटपर्यंत त्यांच्याकडेच राहिलं. आलेला मजकूर वाचायचा, संदिग्ध वाक्यं दुरुस्त करून घ्यायची, क्रमांक द्यायचा आणि सगळ्यांना खुला करायचा, हे काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. दोनशेहून अधिक टिपणं त्यांनी स्वतः किंवा इतरांबरोबर लिहिली. १९७७ पासून ते मरीना डेल रे इथल्या ‘इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूट’मध्ये होते. लांब दाढी, पायात सँडल, साधे कपडे असा त्यांचा अवतार. मोठेपणा मिरवण्याची हौस अजिबात नाही.

१९७५ : नको असलेल्या पत्रांची चिंता

आज आपण स्पॅमला वैतागतो. पण नोव्हेंबर १९७५ मध्येच पोस्टेल यांनी नको असलेल्या पत्रांवर एक छोटं टिपण लिहिलं होतं. त्याचा क्रमांक ७०६. एखादं यंत्र बिघडलं किंवा मुद्दाम संदेशांचा मारा करू लागलं, तर घेणाऱ्या यंत्राला नाही म्हणण्याची सोय हवी, ही त्यातली मुख्य कल्पना. तेव्हा जाळ्यावर मोजकेच संगणक होते आणि बहुतेक लोक एकमेकांना ओळखत होते. तरीही त्यांना हा प्रश्न दिसला होता.

१९८२ : एसएमटीपीची नियमावली

आता त्यांच्या सर्वात महत्त्वाच्या कामाकडे येऊ. ऑगस्ट १९८२ मध्ये आरएफसी ८२१ प्रसिद्ध झालं. त्याचं नाव ‘सिंपल मेल ट्रान्सफर प्रोटोकॉल’, म्हणजे एसएमटीपी. आजही एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर मेल जाते ती याच नियमावलीच्या सुधारित रूपाने.

यात दोन यंत्रांमधला संवाद अगदी सोपा ठेवला आहे. पाठवणारं यंत्र आधी सांगतं, पत्र कुणाकडून आलं आहे. मग सांगतं, कुणासाठी आहे. शेवटी मजकूर देतं. प्रत्येक पायरीवर समोरचं यंत्र तीन अंकी उत्तर देतं. त्यातला पहिला अंक महत्त्वाचा :

- २ ने सुरू होणारं उत्तर : ठीक आहे, काम झालं. (उदा. २५०)
- ४ ने सुरू होणारं उत्तर : आत्ता जमत नाही, थोड्या वेळाने पुन्हा या. (उदा. ४५०)
- ५ ने सुरू होणारं उत्तर : हे होणार नाही, पुन्हा तसंच पाठवू नका. (उदा. ५५०)

तात्पुरती अडचण आणि कायमची अडचण यांतला हा फरक फार मोलाचा आहे. दुकान दुपारच्या वेळी बंद असेल तर आपण संध्याकाळी पुन्हा जातो. दुकानच उठून गेलं असेल तर रोज खेटे घालण्यात अर्थ नाही. यंत्राला हे कळावं म्हणून फक्त एक अंक पुरला!

नियमावलीत पोस्टेल यांनी एक छान उदाहरण दिलं आहे. स्मिथ नावाचा माणूस एकाच पत्राच्या प्रती जोन्स, ग्रीन आणि ब्राउन या तिघांना पाठवतो. जोन्स आणि ब्राउन यांची टपालपेटी तिथे आहे, ग्रीनची नाही. मग ग्रीनचं नाव घेताच समोरचं यंत्र ५५० म्हणतं आणि बाकी दोघांसाठी पत्र घेतं. म्हणजे ज्याला देता येणार नाही त्याचं पत्र दारातच नाकारलं. ग्रीनचं हे उदाहरण लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

घेतलं तर जबाबदारी आली

पण कधी कधी अडचण दारात कळत नाही. मधल्या एखाद्या सर्व्हरने पुढे पोचवतो म्हणून पत्र घेतलं आणि नंतर लक्षात आलं की पुढचा पत्ताच चुकीचा आहे. आता काय करायचं?

यावर पोस्टेल यांचा नियम स्पष्ट आहे. एकदा पत्र स्वीकारलं की जबाबदारी स्वीकारणाऱ्याची. पत्र पोचवता आलं नाही, तर त्या सर्व्हरने तशी सूचना स्वतः तयार करून मूळ पाठवणाऱ्याला दिलीच पाहिजे. गपचूप फेकून द्यायचं नाही. नियमावलीतल्या नमुना सूचनेत यंत्र पाठवणाऱ्याची क्षमा मागतं आणि पलीकडच्या यंत्राने दिलेलं कारण जसंच्या तसं सांगतं. आज आपल्याला येणारा बाउन्स हा याच नमुन्याचा वंशज आहे.

रिकाम्या पाकिटाची युक्ती

इथे एक मोठा पेच आहे. समजा, ‘तुमचं पत्र पोचलं नाही’ ही सूचनाच पोचली नाही, तर? कारण पाठवणाऱ्याचा पत्तासुद्धा चुकीचा असू शकतो. मग त्या सूचनेबद्दल दुसरी सूचना निघणार, तीही परत येणार, मग तिसरी. दोन यंत्रं रात्रंदिवस एकमेकांना ‘तुझं पोचलं नाही, तुझं पोचलं नाही’ असं सांगत बसतील. माणसं कंटाळून थांबतात, यंत्रं थांबत नाहीत!

पोस्टेल यांनी नियमावलीत दिलेला उपाय इतका साधा आहे की बघून आश्चर्य वाटतं. अशा सूचनेच्या पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता रिकामा ठेवायचा. पत्त्याच्या जागी फक्त दोन कोनी कंस, <>, आत काहीच नाही. परतीचा पत्ताच नसल्यामुळे ही सूचना पोचली नाही तरी तिच्याबद्दल पुन्हा सूचना पाठवता येत नाही. साखळी तिथेच तुटते.

इथे पाकीट आणि आतला कागद यांत गल्लत करू नका. पत्राच्या आत ‘मेलर डिमन’ असं नाव दिसतं, ते आपल्यासाठी. यंत्र बघतं ते पाकीट, आणि ते रिकामं असतं.

हाच विचार पोस्टेल यांनी एक वर्ष आधी, सप्टेंबर १९८१ मध्ये, आयसीएमपी या नियमावलीत (आरएफसी ७९२) मांडला होता. जाळ्यातला एखादा संगणक सापडत नसेल तर तशी सूचना पाठवणं हे आयसीएमपीच्या कामांपैकी एक. पण आयसीएमपीच्या सूचनेबद्दल आयसीएमपीची सूचना पाठवायची नाही, असं तिथे ठरवलं आहे. अपयशाची खबर द्यायची, पण खबरीची खबर द्यायची नाही. दोन्हीकडे शहाणपण एकच आहे.

पत्त्यांची वही आणि मुंबई

पत्र पोचायचं तर पत्ते नीट हवेत. जाळ्यावरचे क्रमांक आणि नावं यांची नोंद ठेवण्याचं कामही पोस्टेल यांच्याकडे होतं. सुरुवातीला ती अक्षरशः एक वही होती. पुढे या कामाला ‘आयाना’ असं नाव मिळालं. जॉइस रेनॉल्ड्स या त्यांच्या सहकारी या कामात त्यांच्याबरोबर होत्या.

प्रत्येक देशाला दोन अक्षरी नाव द्यायचं होतं. देश कोणता मानायचा यावर जगात केवढे वाद! पोस्टेल यांनी तो वाद अंगावर घेतलाच नाही. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची दोन अक्षरी संकेतांची यादी आधीच होती, तीच वापरायची असं त्यांनी ठरवलं. १९९४ च्या आरएफसी १५९१ मध्ये हे धोरण लिहिलेलं आहे.

आपल्या भारताचं ‘डॉट इन’ हे नाव १९८९ साली नोंदलं गेलं. त्याचा कारभार अनेक वर्षं मुंबईत, जुहू इथल्या एनसीएसटी या संस्थेकडे होता. हीच संस्था आज सी-डॅक मुंबई म्हणून ओळखली जाते. २००५ पासून ‘डॉट इन’चं काम निक्सीकडे आहे. तेव्हा डॉट इन ने संपणाऱ्या पत्त्यावर मेल पाठवताना या वहीची आठवण ठेवायला हरकत नाही.

शेवटचं वर्ष

१९९८ पर्यंत इंटरनेट हा मोठा व्यापार झाला होता. नावांच्या वहीवर ताबा कुणाचा, यावर अमेरिकेत वाद पेटला. २८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी बारापैकी आठ रूट सर्व्हर चालकांना मूळ माहिती आपल्या संगणकावरून घ्यायला सांगितलं आणि त्यांनी ते लगेच केलं. सरकारकडून विचारणा झाल्यावर ही चाचणी होती असं सांगून त्यांनी ते पूर्ववत केलं. काहींना हे धाडस वाटलं, काहींना आगाऊपणा. पण एका साध्या मेलवर इतक्या जणांनी ऐकावं, एवढा त्यांच्या शब्दावर विश्वास होता, हे मात्र सगळ्यांना दिसलं.

त्यांच्या हृदयाची झडप १९९१ मध्ये बदलली होती. १६ ऑक्टोबर १९९८ रोजी, पुन्हा कराव्या लागलेल्या हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीतून त्यांचं निधन झालं. वय अवघं ५५. व्हिंट सर्फ यांनी लिहिलेला मृत्युलेख त्याच आरएफसी मालिकेत २४६८ या क्रमांकाने प्रसिद्ध झाला. इंटरनेट सोसायटीतर्फे १९९९ पासून त्यांच्या नावाने पुरस्कार दिला जातो.

आजचा मेल सर्व्हर आणि पोस्टेल यांचे नियम

आता थोडं प्रत्यक्ष कामाचं बोलू. शाळा-कॉलेजचा मेल सर्व्हर सांभाळणाऱ्या शिक्षकांना आणि संगणक शाखेच्या विद्यार्थ्यांना याचा उपयोग होईल. न पोचलेल्या मेलची मांडणी करताना पुढच्या गोष्टी बघाव्यात. उदाहरण म्हणून पोस्टफिक्स हा प्रचलित मेल सर्व्हर घेतला आहे.

१) दारातच नाकारा. आपल्याकडे कोणकोणत्या टपालपेट्या आहेत याची यादी सर्व्हरला द्या. नसलेल्या पत्त्याची मेल आत घेऊन नंतर परत करू नका, ५५० म्हणून तिथेच थांबवा. हे ग्रीनचं उदाहरण! का, ते समजून घ्या. स्पॅम पाठवणारे पाठवणाऱ्याच्या जागी भलत्याच माणसाचा पत्ता घालतात. आपण मेल घेऊन मग बाउन्स केली, तर ती त्या निरपराध माणसाकडे जाते. चोर सोडून संन्याशाला सुळी, अशी गत होते. शिवाय असे भरकटलेले बाउन्स पाठवणारा सर्व्हर काळ्या यादीत जाऊ शकतो.

२) रिकाम्या पाकिटाला अडवू नका. स्पॅम थांबवायच्या नादात काही जण पाठवणाऱ्याचा पत्ता नसलेली प्रत्येक मेल नाकारतात. मग त्यांच्याच लोकांना खरे बाउन्स मिळत नाहीत. पत्र गेलं नाही हे त्यांना कळतच नाही.

३) मुदत विचारपूर्वक ठरवा. ४ ने सुरू होणारं उत्तर आलं तर सर्व्हर मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. सध्याच्या नियमावलीनुसार दोन प्रयत्नांत साधारण किमान ३० मिनिटांचं अंतर असावं आणि किमान ४ ते ५ दिवस हार मानू नये. पोस्टफिक्समध्ये साध्या मेलची आणि बाउन्सची मुदत वेगवेगळी ठरवता येते. दोन्ही मुळात ५ दिवसांच्या असतात. बाउन्सची मुदत कमी केली तर खोट्या पत्त्यांच्या सूचना रांगेत साचत नाहीत.

४) उशिराची सूचना चालू करा. पाच दिवसांनी पत्र गेलं नाही असं कळून काय उपयोग? अर्जाची तारीख तोवर उलटलेली असते. मेल काही तास रांगेत अडकली तर पाठवणाऱ्याला कळवण्याची सोय पोस्टफिक्समध्ये आहे, पण ती मुळात बंद असते. चार तासांवर ठेवली तर पुष्कळांचा घोर वाचेल.

५) पोस्टमास्टरची पेटी जिवंत ठेवा. प्रत्येक मेल सर्व्हरवर ‘पोस्टमास्टर’ नावाचा पत्ता हवाच, हे १९८२ च्या नियमावलीत आहे. जी सूचना पाठवणाऱ्याकडेही पोचत नाही, तिची खबर या पत्त्यावर द्यायला पोस्टफिक्सला सांगता येतं. ही पेटी कुणीतरी रोज उघडून वाचली पाहिजे. शेवटी यंत्रांची साखळी जिथे संपते तिथे माणूस लागतो.

६) चाचणी करताना जपून. नवीन मांडणी करताना एका चुकीमुळे सगळीच मेल कायमची परत जाऊ शकते. पोस्टफिक्समध्ये ५ च्या जागी ४ चं उत्तर देण्याची तात्पुरती सोय आहे. म्हणजे मेल परत न जाता रांगेत थांबते आणि चूक सुधारायला वेळ मिळतो. काम झाल्यावर ही सोय बंद करायला विसरू नका.

यातून आपण काय शिकावं?

आपण पाठवताना काटेकोर असावं आणि दुसऱ्याचं घेताना उदार असावं, असं तत्त्व पोस्टेल यांनी १९८० साली टीसीपीच्या नियमावलीत लिहिलं. ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. यावर पुढे टीकाही झाली. सगळंच उदारपणे चालवून घेतलं तर चुका तशाच राहतात, असं काहींचं म्हणणं. पण बाउन्सचा नियम बघितला तर त्यांचं उदारपण डोळस होतं हे पटतं. जे जमणार नाही ते दारातच स्पष्ट सांगायचं, जे स्वीकारलं त्याची जबाबदारी घ्यायची, आणि जमलं नाही तर कारणासह कळवायचं.

मित्रांनो, हे फक्त यंत्रांना लागू आहे का? गटात काम घेतो आणि जमलं नाही की गप्प बसतो, असं आपल्याकडूनही होतं. समोरचा मात्र काम झालं असं समजून बसलेला असतो. जमलं नाही हे वेळेवर सांगणं हाही प्रामाणिकपणाच. आणि एकदा सांगून झालं की त्यावरून उलटसुलट वाद घालत बसायचं नाही, हे त्या रिकाम्या पाकिटाने शिकवलं.

स्वाध्याय

१) ४५० आणि ५५० या उत्तरांतला फरक स्वतःच्या शब्दांत सांगा.
२) बाउन्सच्या पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता रिकामा का ठेवतात?
३) स्मिथच्या पत्राच्या उदाहरणात ग्रीनचं काय झालं? आजच्या मेल सर्व्हरने त्यातून काय घ्यावं?
४) तुम्हाला आलेला एखादा बाउन्स निरोप पूर्ण वाचा. त्यात कोणता क्रमांक आहे आणि कोणतं कारण दिलं आहे, ते वहीत लिहा.